एक्केचाळीस नवरे

"माहा नवरा जित्ता आहे," पंचफुलाबाई ओरडत होती. "जित्ता आहे, सकाळी दोन भाकरी खाऊन कामावर गेला, अन् तुमी त्याले कागदावर मारून मोकळे झाले. कोनं मारलं? नाव सांगा मले त्याचं."

आमचं ऑफिस पांढरकवड्याला, हायवेला लागून, एका कृषी केंद्राच्या डोक्यावर होतं. ट्रक गेला की कॉम्प्युटरचा पडदा दोन बोटं सरकायचा. पण त्या दिवशी पंचफुलाबाईंच्या आवाजानं उलटा प्रकार झाला. दोन ट्रक रस्त्याच्या कडेला थांबले आणि आपलं टायर फुटलं की काय म्हणून क्लीनर खाली उतरून चाकं ठोकू लागले. खालच्या दुकानातली बियाण्यांची गिऱ्हाइकं जिन्यावर चढून आली. बाईंच्या हातात एक कागद होता, घामानं भिजून पापडासारखा झालेला. आमच्याच संस्थेचं पत्र. आम्हीच ते ईमेलनं पाठवलेलं, नागपूरच्या कोणा देणगीदारानं छापून घेतलेलं.

ती पत्रं लिहिणाऱ्या आमच्या सरांनी डोक्यावरची लोकरी टोपी काढली. मे महिना होता. पांढरकवड्यात मे महिन्यात डांबर पळून जाऊन सावलीत बसतं, आणि हा माणूस बारा महिने लोकरी टोपी घालायचा. ती फक्त राष्ट्रगीताला आणि कोणाच्या अंत्ययात्रेला उतरायची. त्यांनी टोपी टेबलावर ठेवली, खुर्ची पुढे केली, पेन उघडलं.

"बसा. आधी पूर्ण नाव सांगा."

"कागदावर आहे नं तुमच्या."

"कागदावरचं चुकलेलं असू शकतं. तुम्ही सांगा."

तिनं सांगितलं. सरांनी लिहिलं. मग म्हणाले, "आता यजमानांचं."

आणि इतका वेळ हायवे थांबवणारी ती बाई एकदम गप्प झाली. आमच्याकडच्या बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. लग्नात एकदा उखाण्यात घेतात, तेवढंच. तिनं पदर सारखा केला, जिन्यावरच्या लोकांकडे पाठ केली आणि सरांना ऐकू जाईल इतकंच म्हणाली, "देवराव."

सरांनी तेही लिहिलं. खाली रेघ मारली. म्हणाले, "तीन दिवस द्या."

आता या माणसाबद्दल सांगतो.

त्यांचं आधी टायपिंगचं इन्स्टिट्यूट होतं. मराठी तीस, इंग्रजी चाळीस शब्द मिनिटाला. अर्ध्या केळापूर तालुक्याच्या सरकारी नोकऱ्या त्या माणसाच्या डोळ्यांसमोर बडवून तयार झाल्या. बारा मशीन एका खोलीत, आणि सर समोरच्या हॉटेलात चहा पीत बसलेले. तिथून ते ओरडायचे, "चौथ्या मशीनवालीची करंगळी झोपली आहे, उठवा तिला." ती पोरगी खरंच करंगळी वापरत नसायची. मी स्वतः त्यांच्याकडे शिकलो. माझ्या बोटांवर त्यांनी लाकडी पट्टी मारल्याचं मी सांगत आलो आहे. खरं म्हणजे पट्टी नव्हती, नुसती नजर होती, पण लागायची पट्टीसारखी.

पुढे कॉम्प्युटर आले, बारा मशीन भंगारात गेल्या, एक त्यांनी घरी ठेवली. त्याच सुमारास कापसाची ती वाईट वर्षं सुरू झाली. पेपरात आमच्या जिल्ह्याचं नाव रोज यायचं आणि चांगल्या कारणानं एकदाही नाही. गावोगावी पुरुष फवारणीचं औषध पिऊन जात होते, आणि मागून गाड्या येत होत्या. कॅमेरेवाले, वहीवाले, पांढऱ्या कपड्यांतले. संस्था तर भूछत्रांसारख्या उगवल्या. त्यातलीच एक आमची. मुख्य ऑफिस नागपूरला, आम्ही शाखा. बायकांना शिलाई मशीन द्यायच्या, शिवण शिकवायचं, आणि दर महिन्याला देणगीदारांना ईमेलवर पत्र पाठवायचं, की तुम्ही अमुकबाईंना मदत केलीत, त्यांचं असं असं चाललं आहे. पत्र लिहायचं काम सरांचं. बटणं दाबायचं माझं.

ज्यांना हा धंदा ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. पत्र एकदाच लिहायचं. जिथं माणसागणिक बदल हवा तिथं महिरपी कंस टाकायचे आणि आत नुसतं 'नाव' लिहायचं, 'गाव' लिहायचं. त्याला टॅग म्हणतात. बाजूला एक तक्ता असतो, त्यात खरी नावं, खरी गावं. बटण दाबलं की मशीन तक्त्यातलं एकेक नाव उचलून कंसात बसवते आणि तीनशे लोकांना तीनशे पत्रं जातात. प्रत्येकाला वाटतं आपल्यालाच लिहिलं.

सर त्या कंसांना पाळणे म्हणायचे. "पाळणा टांगला आहे," ते मला सांगायचे, "आता बारसं कर. पण पाळण्यात कोण आहे ते बघून नाव ठेव, नाहीतर दगड ठेवशील."

त्या मशीनमध्ये एक सोय होती. तक्त्यात नाव नसेल तर आपोआप 'ताई' असं लागायचं. जगातल्या कोणालाही ही सोय वाटली असती. सरांना ती शिवी वाटली. पहिल्याच महिन्यात त्यांनी ती काढायला लावली. "ज्याचं नाव नाही त्याचं पत्र नाही."

"मग पत्र थांबते नं सर."

"थांबू दे. मी नाव घेऊन येतो."

आणि खरंच लुना काढून निघायचे. झरी जामणीच्या जंगलातल्या कोलाम पोडावर, म्हणजे आदिवासी वस्तीवर, एक बाई होती, यादीत तिच्या नावापुढे नुसती आडवी रेघ. तिला सासरी सगळे थोरल्या पोराची आई म्हणून हाक मारायचे आणि तिलाही दुसरं सांगायची सवय राहिली नव्हती. सर सकाळी निघाले, संध्याकाळी आले. रस्त्यात अस्वल आडवं आलं असं मी गावभर सांगितलं. अस्वल नव्हतं, ते मी घातलं. पण सरांनी त्याच्याकडूनही पूर्ण नाव लिहून घेतलं असतं, यात मला शंका नाही.

त्यांचा तक्ता वाढत गेला. बाईचं सासरचं नाव एक रकाना. लग्नात तांदळात बोटानं लिहून नाव बदलतात, म्हणून माहेरचं दुसरा रकाना. आई ज्या नावानं हाक मारायची ते तिसरा. पाणी कोणत्या विहिरीचं, जनावर कोणतं, त्याचं नाव काय, कोणती भाजी बिघडते, कोणती जमते. मी म्हटलं, "सर, पुण्याच्या मानसाले म्हशीचं नाव घेऊन काय करायचं आहे?"

"काही नाही. पण म्हशीचं नाव माहीत असलेला माणूस बाईबद्दल खोटं लिहिणार नाही."

हे त्यांचं वाक्य मी पुढे खूप ठिकाणी माझं म्हणून वापरलं आहे.

लग्नाच्या पत्रिकेवरून त्यांची एक गोष्ट अजून सांगतात. पाकिटावर 'श्री.' आणि पुढे रिकामी रेघ अशी पत्रिका त्यांच्या घरी आली. घाईत नाव घालायचं राहिलं असेल. सर लग्नाच्या दिवशी मांडवात गेले, यजमानांकडे पेन मागितलं, सगळ्यांसमोर रेघेवर आपलं नाव लिहिलं, पाकीट पुन्हा यजमानांच्या हातात दिलं आणि म्हणाले, "आता बोलवा." यजमानांनी हात जोडून बोलावलं, तेव्हा जेवायला बसले. वरात दारात आली होती, नवरदेव घोड्यावर घामाघूम होत होता, पण सरांचं बोलावणं होईपर्यंत घोडा हलला नाही. म्हणजे, मी सांगतो तेव्हा हलत नाही.

बकरीचाही किस्सा झाला, तो माझ्यामुळे. तक्त्यात रकाना सरकला आणि अमेरिकेतल्या एका बाईंना पत्र गेलं, की तुमच्या मदतीनं लाली आता दिवसाला दोन ब्लाउज शिवते. लाली ही बकरी. अमेरिकेतून उत्तर आलं, फार भरून आलं, लालीचा फोटो पाठवा. मी म्हटलं, कोण्या बाईचा फोटो देऊन टाकू. सर लुनावरून त्या गावी गेले, बकरीला शिलाई मशीनशेजारी उभं केलं, फोटो काढला आणि खाली लिहिलं: ही लाली. ब्लाउज शिवतात त्या यांच्या मालकीणबाई, त्यांचं नाव अमुक, चूक आमची. अमेरिकेच्या बाईंना ते इतकं आवडलं म्हणे, की त्यांनी फोटो भिंतीवर लावला. तिथून सरांच्या डोक्यात पक्कं बसलं, की चूक नावासकट सांगितली तर माणसं समजून घेतात. हा त्यांचा सगळ्यात मोठा गैरसमज.

आता देवरावचं.

तक्त्यात एक रकाना होता, 'घरधनी'. त्यावर सरांनी जर-तरच्या अटीचा टॅग बांधला होता. घरधनी असेल तर पत्रात एक वाक्य यायचं, ते काय काम करतात त्याचं. नसेल तर दुसरं: 'कापसाच्या संकटात पती गेल्यानंतर अमुकताई एकट्या उभ्या राहिल्या.' त्या वर्षांत आमच्या भागात हे वाक्य कोणालाही समजावून सांगावं लागत नव्हतं. कापसाच्या संकटात गेला म्हणजे औषध पिऊन गेला.

नागपूरला आमचे साहेब होते. भला माणूस, निदान फोनवर तरी. त्यांच्या ध्यानात आलं, की दुसऱ्या वाक्यावाल्या पत्रांना उत्तरं येतात, पहिल्या वाक्यावाल्यांना येत नाहीत. ज्या दिवशी पत्रं जायची त्या दिवशी सर मुकुटबनकडे गेले होते. एक नाव अडलं होतं. दुपारी फोन आला.

"दोन प्रकारची पत्रं कशाला पाठवता? जे लोकांना लागतं तेच सगळ्यांना लाव."

मी म्हटलं, "सर ऑफिसात नाहीत."

"तू आहेस ना."

टॅग निघाला. कोणी काढला असं विचाराल तर खोलीत एक कॉम्प्युटर, एक पंखा आणि एक मी. पंख्याला लाईट नव्हती, इन्व्हर्टरवर फक्त कॉम्प्युटर चालायचा. साहेबांना मी दोन मिनिटं लागतील म्हटलं होतं, चाळीस सेकंदांत काम झालं. माझी बायको बाळंतपणाला माहेरी होती, साहेब मला पक्कं करायचं म्हणत होते, आणि मला खरंच वाटलं होतं की पुण्या-मुंबईचे लोक कशाला आमच्या खेड्यात बघायला येतात.

आले. नागपूरचं एक जोडपं हैदराबादला लेकीकडे निघालं होतं. वाटेत आपल्या पंचफुलाताईंना भेटावं म्हणून त्यांनी गाडी हायवे सोडून आत घातली. बरोबर साडी-चोळी, फळं आणि ते छापलेलं पत्र. अंगणात देवराव बाजेवर बसलेला. जोडप्यातल्या काकूंनी त्याला हात जोडले आणि विचारलं, "आपण यांचे दीर का?"

"मी नवरा."

त्यांना वाटलं हा गडी थट्टा करतो. काकांनी पत्र काढून मोठ्यानं वाचलं. गाडी आली म्हणून अर्धं गाव अंगणात उभं होतंच. देवरावनं आपलं मरण सगळ्यांच्या बरोबरीनं उभं राहून ऐकलं. काकू रडल्या म्हणतात. कशासाठी रडल्या ते त्यांनाही सांगता आलं नसतं, कारण मेलेला माणूस समोर होता आणि त्यांना पाणी विचारत होता.

गाडी गेली आणि गावाला काम मिळालं. पानठेल्यावर त्याचं नाव पडलं 'स्वर्गवासी'. "काय स्वर्गवासी, वर कापसाले काय भाव आहे?" "अबे, त्याले उधार नको देऊ, तो तं गेलेला आहे." मी हे सांगताना लोक हसतात. मीही हसवतो. पण देवराव कापसाच्या जिनिंगमध्ये वजनकाट्यावर होता. गाडी काट्यावर आली की वजन मोठ्यानं पुकारायचं, हे त्याचं काम. त्याचा आवाज जिनिंगच्या फाटकापर्यंत जायचा. आता तो पुकारायला तोंड उघडायचा आणि गाडीवानांच्या रांगेतून कोणीतरी म्हणायचं, "ऐका बे, वरून आवाज आला."

पंचफुलाबाई दुसऱ्यांदा आली तेव्हा ओरडली नाही. सरांच्या समोर बसली. तीन दिवस झाले होते.

"तो आता आवाज देत नाही, सर. बोटानं दाखवते. मालक म्हनते, मुका मानूस काट्यावर ठेवून मी काय करू." मग खुर्ची पुढे ओढून म्हणाली, "फवारनीचा डबा मी आईच्या घरी नेऊन ठेवला. पन डबा काय एकच आहे गावात? लोक त्याले रोज सांगून राह्यले तू मेला म्हनून. एखाद्या दिवशी त्याले खरं वाटलं तं?"

"तुम्हाला काय हवं?"

"ज्याइले ज्याइले हा कागद गेला त्याइले सगळ्याइले दुसरा पाठवा. का देवराव जित्ता आहे. त्याचं नाव घालून. अन् एक छापून मले द्या. तेवढ्याच लोकाइसमोर वाचून घेतो मी, जेवढ्याइसमोर पह्यला वाचला."

सरांनी पत्र लिहून ठेवलेलंच होतं. त्या तीन दिवसांत त्यांनी तक्ता उघडून घरधनी रकाना वरून खालपर्यंत बोट लावून तपासला होता. देवराव एकटा नव्हता. त्या दुपारी आम्ही एक्केचाळीस नवरे मारले होते. बाकीचे चाळीस त्यांच्या दाराशी गाडी आली नाही म्हणून सुखानं जगत होते. सरांच्या नव्या पत्रात सगळे होते, गावासकट, कामासकट. कोण ट्रकवर, कोण जंगलकामावर, कोण मिस्त्री. वर एकच ओळ: 'मागच्या पत्रात आम्ही या माणसांना मृत ठरवले. ती हयात आहेत. चूक आमची.'

पण पत्र पाठवायचा पासवर्ड माझ्याकडे होता, आणि साहेबांचा मला आधीच फोन होता: माझ्या परवानगीशिवाय एक अक्षर जायचं नाही.

दुसऱ्या दिवशी साहेब जीपनं आले. पत्र वाचलं. शांत माणूस, आवाज चढवला नाही.

"सर, हे गेलं तर लोक म्हणतील, उरलेल्या तरी खऱ्या कशावरून? ज्यांचे खरंच गेले त्यांची मदत थांबेल. त्याचा विचार केलात?"

"केला. त्यांची नावंही पाठवू. लोक येऊन बघतील."

"लोक बघायला येऊ नयेत हाच तर प्रश्न आहे." साहेबांनी खिशातून दुसरा मजकूर काढला. 'काही तांत्रिक कारणामुळे मागील पत्रात किरकोळ त्रुटी राहून गेल्या. क्षमस्व.' वर महिरपी कंसात 'नाव'.

सर म्हणाले, "यात देवराव कुठे आहे?"

"देवराव कोण?"

साहेबांनी मग खुर्ची माझ्याकडे वळवली. ज्या माणसानं फोनवर मला 'तू आहेस ना' म्हटलं होतं, त्याच माणसानं माझ्याकडे बघून विचारलं, "ती अट काढली कोणी?"

मी आयुष्यात इतक्या गोष्टी रंगवून सांगितल्या. अस्वलं घातली, घोडे थांबवले. त्या वेळी मला एक साधा शब्द हवा होता आणि तो आला नाही. मी कीबोर्डकडे पाहत राहिलो. सर माझ्याकडे पाहत होते, पूर्वी चौथ्या मशीनवालीकडे पाहायचे तसे. त्यांना ठाऊक होतं. कोण कधी त्या मशीनवर बसलं ते त्यांना खुर्चीच्या उंचीवरूनही कळायचं.

"पत्राखाली सही माझी आहे," सर म्हणाले.

साहेबांना तेवढंच हवं होतं. त्याच संध्याकाळी सरांनी टोपी उचलली, पेन उचललं, माझ्या टेबलाजवळ थांबले. मला वाटलं आता बोलतील. ते म्हणाले, "तक्त्यात बेचाळीसाव्या बाईचं माहेरचं नाव अजून भरायचं आहे. विसरू नको." आणि जिना उतरले.

मी ते नाव कधी भरलं नाही. किरकोळ त्रुटीचं पत्र मात्र मीच पाठवलं, तीनशेच्या तीनशे. प्रत्येकाच्या नावानं. एकही पाळणा रिकामा गेला नाही. महिनाभरात मी पक्का झालो आणि सरांच्या खुर्चीवर बसलो.

पुढचं मी डोळ्यांनी पाहिलं नाही, पण पाहणारे पुष्कळ होते. सरांनी घरची ती उरलेली टायपिंग मशीन काढली आणि एक्केचाळीस कागद टाइप केले. कार्बन लावला नाही, प्रत्येक कागद वेगळा बडवला. मग लुनावर एकेक गाव. दारात उभं राहून म्हणायचे, "आमच्या पत्रात तुम्ही गेलात असं आलं होतं. हा कागद ठेवा." बहुतेकांना ते काय बोलतात तेच कळेना. एकानं घाबरून कुत्रं सोडलं. एकानं कागद नीट घडी घालून देवाच्या फोटोमागे ठेवला. एकाच्या बायकोनं विचारलं, यावर रेशन मिळते काय.

देवरावचा कागद त्यांनी सर्वांत आधी तयार केला होता, पण त्या गावी ते शेवटी पोहोचले. का, ते मला कळलं नाही. कदाचित ईमेल जाईल अशी आशा असेल, बाईंना दोन्ही सोबत द्यावं असं वाटलं असेल. पोहोचले तेव्हा देवरावला जाऊन चार दिवस झाले होते. जिनिंगवाल्यानं हिशोब करून मोकळं केलं होतं. तो हायवेवर उभा राहिला, आदिलाबादकडे जाणाऱ्या एका ट्रकला हात केला आणि चढला. तिकडे माझं नाव कोणाला माहीत नाही, एवढंच बायकोला म्हणाला म्हणे.

सरांनी पंचफुलाबाईंना विचारलं, वाचू का. ती म्हणाली, वाचा. पाराजवळ माणसं जमवली. सरांनी टोपी घातलेलीच ठेवली आणि टाइप केलेला कागद वाचला. पूर्ण नाव, बापाचं नाव, गाव, काम: जिनिंगमध्ये वजन पुकारणे. हयात आहेत. चूक आमची.

कोणीतरी मागून म्हणालं, "सर, हयातीचा दाखला तं पेन्शनवाल्याले लागते. याले पेन्शन लागली काय?"

हशा पिकला. सरांनी हशा संपू दिला आणि कागद पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचला. म्हणतात, तिसऱ्यांदा वाचायला लागले तेव्हा कोणी हसलं नाही, कारण तोवर लोक उठून गेले होते. पाराजवळ ती बाई, सर आणि एक म्हातारा उरला, त्याला ऐकू येत नव्हतं.

मी सहा वर्षं त्या खुर्चीवर काढली. संस्था बंद झाली, मोटारी दुसऱ्या जिल्ह्याकडे वळल्या. सर त्याच्या आधीच गेले. अंत्ययात्रेला मी होतो. मोठी गर्दी होती, सगळ्यांची बोटं त्यांनीच घडवलेली. तालुक्याच्या वृत्तपत्रात श्रद्धांजली छापून आली, ती कोण्या जुन्या मजकुरावरून उचलली होती आणि त्यात त्यांना 'विद्यार्थिप्रिय मुख्याध्यापक' म्हटलं होतं. ते कधीच मुख्याध्यापक नव्हते. मी दुरुस्ती पाठवायचं ठरवलं. पाठवली नाही.

अंत्ययात्रेच्या पुढच्या आठवड्यात मी पंचफुलाबाईंच्या गावी गेलो. का गेलो ते मला नीट सांगता येत नाही. वाटेत मी जे बोलायचं ते चार वेळा रंगवून पाहिलं, एकदा साहेबांना राक्षस केलं, एकदा स्वतःला बिचारा केलं. अंगणात पोहोचलो तेव्हा त्यातलं काही कामाचं उरलं नाही. ती अंबाडीची पानं खुडत बसली होती. केस पांढरे झाले होते. कुंकू होतं. शिलाई मशीन ओसरीत, वर कापड झाकलेलं.

मी नाव सांगितलं. तिला आठवेना. त्या ऑफिसातला कॉम्प्युटरवाला म्हटल्यावर आठवलं.

"सर गेले," मी म्हटलं.

"ऐकलं."

"देवरावभाऊंचा काही निरोप?"

तिनं मान हलवली. नाही.

मी खाली बसलो. म्हटलं, "बाई, ते पत्र. ते सरांनी बिघडवलं नव्हतं. त्यातली अट मी काढली होती. त्या दिवशी सर ऑफिसात नव्हते. तुम्ही नाव विचारलं होतं, कोणी मारलं म्हणून. ते माझं आहे."

तिनं हातातली काडी संपेपर्यंत पानं खुडली, मग दुसरी घेतली.

"सर बी दर सालाले येत होते," ती म्हणाली. "ते बी हेच सांगत, का म्याच काढलं म्हनून. आता तू सांगून राह्यला. मानूस तं कोनंच आनून देल्ला नाही."